फक्कीने आखलेली मोटर

सरांनी मला तीन वर्षं एकदाही नावानं हाक मारली नाही. त्यांच्यासाठी मी 'वाट-बघ' होते. "ए वाट-बघ, चहा घे." "वाट-बघ आज रजेवर हाय का?" माझ्या लग्नाची पत्रिका हातात पडल्यावर त्यांनी कारखान्याच्या मालकांना विचारलं म्हणे, "ही कोण पोरगी? आपल्यातली हाय का?" लोकांना हा विसरभोळेपणा वाटायचा. सर काहीच विसरत नसत. त्यांच्या लेखी माणसाचं नाव ही बिनकामाची माहिती होती, तो कोणत्या घरात उभा राहतो ते महत्त्वाचं.

हे घर म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. लातूरच्या एमआयडीसीत आमचा लहानसा कारखाना आहे. विहिरीवरच्या, नदीवरच्या मोटरी चालू-बंद करणाऱ्या पेट्या आम्ही बनवतो. पेटीत एक लहानशी चिप असते आणि त्या चिपमध्ये प्रोग्राम असतो. लाईट आली की काय करायचं, एक फेज गेला की काय करायचं, पाणी संपलं की काय करायचं, हे सगळं तो प्रोग्राम ठरवतो. सर त्या प्रोग्रामच्या खोलीचे प्रमुख. त्याआधी वीस-बावीस वर्षं ते पॉलिटेक्निकात शिकवत होते, आणि त्याहून जास्त वर्षं कबड्डीचे पंच होते. पॉलिटेक्निक सुटलं, गळ्यातली शिट्टी मात्र सुटली नाही. ती घालूनच ते कारखान्यात यायचे, जेवायचे, बँकेतही जायचे.

मी रेणापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. नांदेडला इंजिनिअरिंग केलं, कोडिंगमध्ये वर्गात पहिली आले, आणि त्याचा मला भलता ताठा होता. पहिल्या दिवशी नवा लॅपटॉप घेऊन सरांपुढे बसले. त्यांनी लॅपटॉपचं झाकण एका बोटानं खाली केलं आणि कोपऱ्यातली बादली दाखवली. "कोड नंतर. आधी फक्की उचल."

फक्की म्हणजे मैदान आखायची पांढरी भुकटी. कारखान्यामागच्या अंगणात सरांनी ती ओंजळीतून सोडत सहा मोठे चौकोन आखले. ही त्यांची घरं. बंद. वाट बघ. भोंगा. चालू. पाणी नाही. बिघाड. एका घरातून दुसऱ्या घरात बाण काढले. मग कारखान्यातल्या सहा जणांना एकेका घरात उभं केलं. त्यात पेट्यांची जुळणी करणाऱ्या दोन बाया होत्या, स्टोअरचा माणूस होता, आणि 'वाट बघ'च्या घरात मी होते. मोटर ज्याच्या घरात असेल त्यानं हात वर ठेवायचा. सर शिट्टी मारून ओरडायचे, "लाईट आली." हात वर असलेल्यानं एका दमात सांगायचं की मोटर आता कुठं जाणार आणि का, आणि बाणावरून पळत जाऊन त्या घरातल्या माणसाला शिवायचं. उत्तर चुकलं किंवा दम तुटला की बाद. पण सर एखादी अशी गोष्ट ओरडले की जिच्यासाठी त्या घरातून बाणच निघत नाही, तर मात्र सर स्वतः बाद व्हायचे. मैदानाबाहेर जाऊन उकिडवे बसायचे आणि बाण सापडेपर्यंत आत यायचे नाहीत.

पहिल्या दिवशी मी नऊ वेळा बाद झाले. जुळणीवाल्या बाया एकदाही नाही. त्यातली एक पाचवी शिकलेली होती, आणि तिनं मला पाणी देत विचारलं, "इंजिनिअर म्हंजे नेमकं काय शिकवतेत वो?"

सर एवढं का करतात, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. त्यांनी कबड्डीतलंच उत्तर दिलं. "मी इतक्या मॅची खेळवल्या. मारामारी कुठं झाली माहितीय? खेळाडूनं नियम मोडला तिथं न्हाई. त्याला तर आपण बाद देतो, विषय खलास. नियमात जे लिहिलंच न्हाई, ते खेळाडूनं केलं, तिथं डोकी फुटली. मशीनचंबी तसंच हाय. बिघडलेलं मशीन आपल्याला समजतं. नकाशात नसलेलं काहीतरी घडलं की मशीन मनाला येईल ते करतं." मग शिट्टी शर्टाला पुसत म्हणाले, "म्हणून म्हणतो, भांडण इथं अंगणात होऊ दे."

त्यांचा एक प्रश्न साऱ्या एमआयडीसीला पाठ होता. "आन् लाईट गेली तर?" हा प्रश्न ते पेटीबद्दल विचारायचे तसा कशाबद्दलही विचारायचे. माझ्या लग्नात बँडवाल्याला विचारला. गिरणीत दळण टाकताना विचारला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले तेव्हा डॉक्टरांना विचारला. डॉक्टर बिचारे समजूतदार, त्यांनी सरांना मागं नेऊन जनरेटर दाखवला. सर म्हणाले, "दाखवू नका, चालू करा." तो सुरू झाला, बंद केला, पुन्हा सुरू झाला, तेव्हा कुठं सर टेबलावर आडवे झाले. बाई, म्हणजे त्यांच्या मिसेस, मला हे सांगताना कपाळाला हात लावत होत्या. "पोरी, ह्या माणसासंगं संसार म्हंजे रोजचा पेपर हाय. कुकर लावला तरी इचारतेत, शिट्टी न्हाई झाली तर तू कोणत्या घरात जाशील?"

अंगणातला नकाशा पक्का झाला की आम्ही तोच नकाशा कॉम्प्युटरवर काढायचो. तीच घरं, तेच बाण. ते सॉफ्टवेअर नकाशा आधी पडद्यावर चालवून दाखवायचं, मग त्याच नकाशातून चिपचा कोड आपोआप तयार करायचं आणि तपासण्याही काढून द्यायचं. प्रत्येक घर, प्रत्येक बाण पेटीवर एकदा तरी चालून पाहिल्याशिवाय ते हिरवा दिवा देत नसे. सरांचा नियम एकच होता. तयार झालेल्या कोडला हात लावायचा नाही. काही बदलायचं असेल तर आधी अंगणात, मग पडद्यावरच्या नकाशात. "कोडात बोट घातलं की नकाशा खोटा पडला. आन् खोटा नकाशा घेऊन फिरण्यापेक्षा आंधळं फिरलेलं बरं, निदान माणूस जपून पाऊल टाकतो."

शेजारच्या डाळ मिलच्या हमालांना आमचा खेळ म्हणजे फुकटचा तमाशा होता. जेवणाच्या सुट्टीत ते कंपाउंडवर रांगेनं बसायचे आणि सरांच्या आधी "बाद" ओरडायचे. आमच्या मालकांना मात्र यात काही मौज वाटत नसे. त्यांनी सरांच्या शब्दावर ते सॉफ्टवेअर घेतलं होतं, आणि बदल्यात त्यांना अंगणात पळणारी माणसं दिसत होती. एकदा बाहेरगावचे एक व्यापारी कारखाना बघायला आले, तेव्हा मालकांनी त्यांना मागच्या दारापर्यंत येऊच दिलं नाही.

मग बिलोलीचं काम समोर आलं. तिकडच्या नदीकाठी शेतकऱ्यांचा एक गट आहे. काठावर प्रत्येकाची आपापली विहीर आणि प्रत्येक विहिरीवर मोटर, अशा चाळीस मोटरी. गटाला सगळ्यांवर एकाच कंपनीच्या पेट्या बसवायच्या होत्या. दोन कंपन्यांच्या पेट्या आठ दिवस शेजारशेजारच्या मोटरींवर लावून बघायच्या आणि मग ठरवायचं, असं गटाच्या अध्यक्षांनी कळवलं. दुसरी कंपनी मोठी होती, बाहेरची होती, आणि तिची पेटी लाईट आल्याबरोबर मोटर सुरू करायची. आमची पेटी लाईट स्थिरावेपर्यंत आधी दोन मिनिटं थांबायची. शेवटचं अर्धं मिनिट, मोटरीजवळ कुणी असेल तर बाजूला व्हावं म्हणून, भोंगा वाजवायची. मगच मोटर सुरू करायची.

मालकांनी आम्हा दोघांना बोलावून सरळ सांगितलं. "सर, मी तुमचा मान ठेवतो. पण हे काम गेलं तर तुमची खोली मला परवडणार नाही. मग मी बाहेरून तयार कार्ड आणून पेटीत बसवीन. जुळणी चालू ठेवीन, नकाशे बंद." बाहेर आल्यावर सर म्हणाले, "मी जरा नदीकडं जाऊन येतो." मला वाटलं, पाय मोकळे करायला म्हणत असतील. दुसऱ्या दिवशी ते एसटीनं बिलोलीला गेले आणि आठ दिवस आलेच नाहीत.

त्या आठ दिवसांत मी एक उद्योग केला. आजही तो आठवला की कानशिलं तापतात.

मालक रोज येऊन म्हणायचे, शेतकऱ्याला दोन मिनिटं म्हणजे फार होतात, तो उभ्या उभ्या हिरवं बटन दाबत राहतो, निदान बटन दाबल्यावर तरी लगेच सुरू होऊ द्या. मलाही ते पटलं. आणि खरं सांगायचं तर कोडिंगमधला तो जुना ताठा अजून पुरता मेला नव्हता. नकाशा बदलायचा तर सर हवे होते, अंगण हवं होतं. कोडात मात्र एकाच ओळीचं काम होतं. 'वाट बघ'मध्ये असताना हिरवं बटन दाबलेलं दिसलं, तर सरळ 'चालू'. मी ती ओळ हातानं लिहिली, पेटीत भरली, बटन दाबून पाहिलं. मोटर छान सुरू झाली. मालक खूश, मीही खूश.

सर परतले ते हातात तुराटीच्या काड्यांची जुडी घेऊन. तूर काढल्यावर जे वाळलेलं झाड उरतं, त्याच्या बोटभर काड्या. त्यांनी त्या टेबलावर मांडल्या. "ह्या त्या काठावरच्या स्टार्टरमधनं काढून आणल्या. जवळपास समद्या मोटरीच्या हिरव्या बटनात ही काडी खोचलेली असती. बटन दाबलेलंच राहतं. मग लाईट कवाबी येऊ द्या, माणूस घरी असला तरी मोटर चालू." मी लहानपणापासून आमच्या विहिरीवर ही काडी पाहिली होती. माझ्या काकांनी ती खोचताना मीच कितीदा बॅटरी धरली असेल. पण चार वर्षं नांदेडला आणि तीन वर्षं लातूरला मोटरीचा अभ्यास करताना ती काडी मला एकदाही आठवली नव्हती.

त्याच दुपारी अंगणात सराव लागला. या वेळी सरांनी खरी पेटीही स्टुलावर ठेवली होती. माणसं नकाशावर आणि पेटी शेजारी, दोघांनी एकच गोष्ट करायला पाहिजे, असा तो सराव. सरांनी पेटीच्या हिरव्या बटनात काडी खोचली, तिचा मेन स्विच वर केला आणि शिट्टी मारली. "लाईट आली." 'बंद'वाल्या बाईनं पळत येऊन मला शिवलं. मी हात वर केला. मी 'वाट बघ', मला दोन मिनिटं थांबायचं होतं. आणि स्टुलावरच्या पेटीतून खट्ट आवाज आला. पेटी 'चालू'मध्ये गेली होती.

कंपाउंडवरचे हमालसुद्धा पुढे वाकले. सरांनी पेटीकडे पाहिलं, जमिनीवरच्या माझ्या घराकडे पाहिलं. तिथून 'चालू'कडे जाणारा बाण नव्हता. "हे कुणाचं बोट?" त्यांनी विचारलं. मी हात वर केलेलाच होता, तो खाली घ्यायची सोय नव्हती.

मला वाटलं ते ओरडतील. ते ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. ते मला म्हणाले, "तू वाईट काम न्हाई केलंस. एकटीनं केलंस. एकट्या माणसाच्या ध्यानात काडी येत न्हाई, म्हणून तर सहा जण उभे करतो." त्यांनी त्यांची आठ दिवसांची सारी वही माझ्यापुढे ठेवली. मी माझी ओळ पुसली. मग काडीला नकाशात जागा दिली. बटन आधी सुटलेलं दिसलं पाहिजे, तरच दाबलेलं मोजायचं. लाईट आली तेव्हाच बटन दाबलेलं असेल, तर मोटर सुरू करायची नाही, लाल दिवा लावून 'बिघाड'च्या घरात जायचं. मालकांना हे कळल्यावर त्यांनी डोक्याला हात लावला. दुसऱ्या कंपनीची पेटी काडी असली काय, नसली काय, लगेच सुरू होणार होती. आमची आता काडी दिसली की रुसून बसणार होती.

पेट्या बसल्या. आमची पेटी भुजंग नावाच्या माणसाच्या हाती होती. गटातल्या दहा-बारा मोटरी तोच बघायचा. चाळिशीचा, उंच, कमी बोलणारा. विहिरीच्या आत पंधरा फूट खाली ओट्यावर मोटर आणि पंप, वर खोलीत पेटी. सरांनी त्याला सगळं समजावून सांगितलं, काडी खोचू नको असंही सांगितलं. त्यानं "हाव सर" म्हटलं आणि आमची पाठ फिरताच काडी खोचली. वर्षानुवर्षांची सवय ती, हात आपोआपच जायचा.

आठव्या दिवशी आम्ही निकालासाठी गेलो. मालक, सर आणि मी. गटाचे अध्यक्ष, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, पानाचा डबा घेऊन बाभळीखाली बसले होते. तीस-चाळीस शेतकरी जमले होते. दोन्ही मोटरी किती तास चालल्या ते अण्णांनी वाचून दाखवलं. शेजारची पेटी बरीच पुढे होती. आमच्या पेटीनं सात दिवसांत कितीतरी वेळा लाल दिवा लावून मोटर बंद ठेवली होती. दर वेळी भुजंग येऊन काडी काढायचा, मोटर चालू करायचा, पुन्हा काडी खोचायचा. "पेटी लई नखरेल हाय तुमची," अण्णा म्हणाले. "शेतकऱ्याला पाणी लागतंय, नखरे न्हाई." मालकांचा चेहरा उतरला. मी सरांकडे पाहायचं टाळलं.

तेवढ्यात शेजारची मोटर धडधडत सुरू झाली. गेलेली लाईट आली होती. आमची सुरू झाली नाही. लोक हसले. "बगा, परत रुसली," कुणीतरी म्हणालं. चार-पाच मिनिटांनी विहिरीच्या काठावर भुजंगचं डोकं वर आलं. हाताला ग्रीस, खांद्यावर पाना.

सर उठून उभे राहिले. "तू कुठं व्हतास?"

"खाली. पंपातनं पाणी गळून राहिलं व्हतं. दांड्याभोवतीची दोरी आवळत व्हतो."

"हात कुठं व्हते?"

भुजंगनं आपल्या हातांकडे पाहिलं. मोटर आणि पंप यांना जोडणारा लोखंडी दांडा असतो, तो सुरू झाला की क्षणात हात ओढून नेतो. "दांड्यापाशीच," तो म्हणाला. कामाच्या नादात लाईट आल्याचं त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. दुसरा पाना घ्यायला तो सहज वर आला होता.

हसणारे विहिरीत वाकून बघायला लागले. मालकांना मात्र एकदम हुरूप आला. ते पुढे होऊन सांगायला लागले, की बघा, हीच आमची खासियत, आमच्या पेटीनं माणूस वाचवला, दुसरी असती तर काय झालं असतं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. अण्णांनी पानाचा डबा बंद केला. ते पेटीकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले होते. काम आमच्या हातात आलं होतं, मला ते स्पष्ट दिसत होतं.

सरांनी गाडीतून फक्की मागवली.

नदीकाठच्या काळ्या मातीवर त्यांनी घरं आखली, बाण काढले, शेतकऱ्यांनाच घराघरात उभं केलं आणि पेटी कसं वागते ते त्यांना त्यांच्याच पायांनी चालून दाखवायला लावलं. दहा मिनिटांत ती माणसं अशी रंगली की अण्णा स्वतः 'भोंगा' होऊन ओरडायला लागले. भुजंग कडेला उभा राहून बघत होता. दोन डाव झाल्यावर तो पुढे आला आणि 'वाट बघ'च्या घरापाशी उकिडवा बसला. तिथून 'भोंगा'कडे, 'भोंगा'कडून 'चालू'कडे जाणाऱ्या बाणावर त्यानं बोट फिरवलं.

"सर, आज काडी व्हती म्हणून मोटर सुरू न्हाई झाली."

"हाव."

"मी तुमचं ऐकलं असतं, काडी काढली असती, तर?"

सर त्याच्या बोटामागून बाण बघायला लागले.

"मग ती इथनं इथं आली असती. भोंगा वाजला असता. बाजूची मोटर चालू असली की खाली काईच ऐकू येत न्हाई. आन् मग इथं." त्याचं बोट 'चालू'च्या घरात थांबलं. "यात लाईट हाय, बटन हाय, पाणी हाय, काडीबी हाय. मी खाली उतरलो, ते कुठं हाय?"

मालकांनी माझा दंड धरला. हातात आलेलं काम आता जाणार, असं त्यांना वाटलं, आणि मलाही वाटलं. 'सर, काहीतरी सांभाळून घ्या,' असं मी मनात म्हणत होते.

सर फक्कीच्या रेषांवरून चालत बाहेर गेले आणि बाभळीपाशी उकिडवे बसले. चाळीस शेतकऱ्यांसमोर, मालकांसमोर. "मी बाद," ते म्हणाले. "नकाशा माझा हाय, त्यात तुला जागा द्यायची राहिली. चूक माझी. तूच सांग, काय करावं."

भुजंग थोडा बावरला. असं त्याला कुणी कधी विचारलं नसावं. मग म्हणाला, "ट्रॅक्टर उभा केला की आम्ही चावी काढून खिशात घालतो. मागनं कुणी चालू करू नये म्हणून. तशी पेटीला चावी द्या. खाली उतरायचं तर चावी संगं. ती माझ्यापाशी हाय तवर काईबी झालं तरी मोटर सुरू व्हायची न्हाई."

सर उठले. फक्कीची बादली त्यांनी भुजंगच्या हातात दिली. त्यानं वाकडंतिकडं सातवं घर आखलं. आत काय लिहायचं ते सरांनी विचारलं, तर म्हणाला, "माणूस खाली." सगळ्या घरांतून त्या घराकडे बाण आले, आणि बाहेर जाणारा एकच बाण, चावी परत लावली की 'बंद'कडे. शेतकऱ्यांनीच उभं राहून, ओरडून, भांडून ते दुपारी दोन तास तपासलं. "चावी लावली आन् बटनात काडी असली तर?" "चावी अर्धवट फिरवली तर?" "आन् लाईट गेली तर?" हा शेवटचा प्रश्न सरांच्या आधी अण्णांनी विचारला.

मी बाभळीखाली लॅपटॉप उघडला. पडद्यावरच्या नकाशात सातवं घर काढलं, बाण ओढले. या वेळी कोडाला बोट लावलं नाही. नकाशातून कोड निघाला, तपासण्या निघाल्या, एक बाण राहिला होता तो सॉफ्टवेअरनं दाखवला, तो अण्णांना विचारून पुरा केला. हिरवा दिवा आला. कुणीतरी जुन्या मोपेडचं चावीचं कुलूप आणलं, ते पेटीला जोडलं. दिवस मावळायच्या आत नवा प्रोग्राम पेटीत होता. दुसऱ्या कंपनीचा माणूसही हजर होता. अण्णांनी त्याला विचारलं, तुमच्यात असं होईल का. तो प्रामाणिक होता. म्हणाला, हेड ऑफिसला कळवतो, दोन-तीन महिने धरा.

मालक माझ्या शेजारी येऊन बसले होते. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा तो नकाशा नीट पाहिला असावा. हळूच म्हणाले, "कोड दाखवला असता, तर यातल्या एकालाही हे विचारता आलं नसतं ना?" मी म्हटलं, "मलाही नसतं." मला त्या क्षणी सरांचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि ते लपवायला मी उगाच वायर गुंडाळत बसले.

सरांनी आधी विहीर रिकामी ठेवून पाहिलं. चावी काढली, मेन स्विच पाडला, उचलला, पुन्हा पाडला, पुन्हा उचलला. वीस वेळा. काडी खोचून, काडी काढून, बटन दाबून धरून. मोटर हलली नाही. चावी लावली, बटन दाबलं, मोटर सुरू झाली. एकविसाव्यांदा करायला त्यांनी हात उचलला, तेवढ्यात भुजंग पुढे आला. त्यानं पेटीची चावी काढली, कमरेच्या करदोड्याला बांधली आणि पाना उचलला.

"अरे, थांब," सर म्हणाले. "मला अजून बघायचंय."

"तुमी बगा. माझी दोरी आवळायची राहिलीय," म्हणत तो लोखंडी पायऱ्यांवरून खाली उतरला.

तो खाली पोचला आणि लाईट गेली. कुणी स्विच पाडला नव्हता. ती खरीच गेली, तिकडं रोज जाते तशी. पाचएक मिनिटांनी शेजारची मोटर धडधडली, म्हणजे लाईट आली होती. अण्णा, मालक, सर, आम्ही सगळे विहिरीच्या काठावर वाकलो. सरांच्या ओठांत शिट्टी होती, पण ती वाजवायचं त्यांना सुचत नव्हतं. अर्धं मिनिट गेलं, एक गेलं, दोन गेली, तीन गेली. चाळीस शेतकरी एक मोटर सुरू होत नाही म्हणून हळूहळू हसायला लागले. शेजारच्या मोटरीच्या गोंगाटातही कान दिला तर खालून भुजंगच्या पान्याचा ठणठण आवाज येत होता. वरच्या जगात लाईट आली आहे, याकडे त्याचं ध्यान नव्हतं, आणि आता ध्यान असायची गरजही नव्हती.